काळजी आधी, कारण मागनं

तमाम भाऊबंद, सोयरेधायरे आणि प्रत्येक लग्नात पहिली पंगत धरणाऱ्या थोर मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमचे मावसभाऊ संपतआण्णा गेल्या महिन्यात डेंग्यूने गेले, आणि जाताना त्यांनी कसलीही काळजी केली नाही. सांगलीच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो, तेव्हा सलाईन नसलेल्या हाताने त्यांनी मला दाराकडे ढकललं. "जा रं, साताऱ्याची यष्टी चुकंल तुझी." मग जरा थांबून, "चुकली तर दुसरी हाय की." हे वाक्य आण्णांच्या तोंडून यायला त्यांचं जवळपास अख्खं आयुष्य गेलं...

कवठे महांकाळला त्यांची द्राक्षबाग. माल तयार असताना ढग आले की तिथे कोण झोपतं? त्यामुळे आण्णांचं जागणं कुणाला वेगळं वाटलंच नाही. पण बेदाणा शीतगृहात पोचला की बाकीचे घोरायचे, आण्णा मात्र तिथली वीज गेली तर काय, हे धरून बसायचे. वीज राहिली, तर पोरगी कॉलेजातून येताना एसटी उलटेल. पोरगी दारात उभी राहिली, तर ती हसली का नाही. कर्ज नाही, भांडण नाही, आणि माणूस भरल्या ताटावरून उठायचा. माझ्या घरी बारशाच्या जेवणात तेच झालं. छाती धडधडली, सदरा घामाने भिजला. दवाखान्यात नेलं, तर कार्डिओग्राम साफ. परत आलो, तेव्हा आमचे मामा जिलबी चावत म्हणाले, "नाटकं हायती. स्वभावाला औषध नसतं गड्या." पंगत हसली. सर्दीला दहा काढे सांगणारी ही माणसं, नेमकी इथे हात झटकून मोकळी!

पुढे सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी, पुन्हा साफ आलेला कार्डिओग्राम बाजूला सारून विचारलं, काळजी कशाची वाटते? मी शेजारीच होतो. आण्णा म्हणाले, "काळजी आधी येती मॅडम. कारण मी मागनं हुडकतो." बाई म्हणाल्या, कारण संपूनही काळजी महिनोन् महिने हटत नसेल, झोप, जेवण, काम खात असेल, तर तो स्वभाव नव्हे, चिंताविकार असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, उपचार आहेत. इतकं सोपं होतं ते. पण बातमी लागताच मामा कवठ्याला धावले. "डोक्याच्या गोळ्या? पोरीचं लगीन हुईस्तवर थांब." आणि आण्णा छातीवर हात ठेवून थांबले... अक्षता पडल्यावरच गोळ्या आणि डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. काही महिन्यांनी मी गेलो, तर आभाळ भरून आलेलं, माल वेलीवर, आणि आण्णा भर दुपारी घोरत होते. शालनवहिनी उंबऱ्यात बसून ते घोरणं ऐकत होत्या. असा जेमतेम एक हंगाम मिळाला दोघांना.

तेराव्याला मामा बोलायला उभे राहिले. काय तो खांद्यावरचं उपरणं सावरणारा हात! "संपतसारखा घरादाराची काळजी करणारा गडी तालुक्यात न्हवता." माना डोलल्या, डोळे टिपले गेले. माझ्या तोंडात शिवी तयार होती. पण मामांपुढे आजवर कधी तोंड न उघडलेल्या वहिनी भिंतीशी बसल्या जागेवरून एकदम बोलून गेल्या,

"काळजी न्हवती ती मामा. दुखत हुतं त्यांना."