नशेच्या गोळ्या

माझा नवरा दारू पितो हे चामोर्शीत कोणाला सांगावं लागत नव्हतं. जंगल खात्यातला गार्ड, त्याच्या राखणीच्या बीटभर मोहाची झाडं, आणि गार्डाला मोहाची नाकारणारं घर मी तरी पाहिलं नाही. तेव्हा त्याच्या पिण्याचं कारण लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. गावोगाव दारूबंदीच्या समित्या निघत होत्या आणि प्रत्येक समितीकडे एकच इलाज होता : मन घट्ट करा.

शेवटी मी त्याला नागपूरला नेलं. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी मन घट्ट आहे का हे विचारलंच नाही. सकाळी प्यायला मिळाली नाही तर हात कापतात का, ते विचारलं. कापायचे. झोप लागते का, जेवण जातं का, कशात जीव रमतो का. तिन्हींना त्यानं नकाराची मान हलवली. मग मला बाहेर बसायला सांगितलं. मी व्हरांड्यात बसून भिंतीवरची कुटुंब नियोजनाची पाटी इतक्यांदा वाचली की शाळेत शिकवता आली असती.

आत त्यानं काय सांगितलं ते मला ठाऊक होतं. ते तो कोणाला सांगेल असं मात्र वाटलं नव्हतं. मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला त्याच्या बीटात वाघानं मारलं. पंचनामा होईपर्यंत प्रेत राखायचं काम गार्डाचं. साहेबांची जीप येईपर्यंत तो भर उन्हात तिच्यापाशी एकटा बसून गिधाडं हाकलत होता. ती आमच्याकडे मध आणून द्यायची. आता ती त्याच्या स्वप्नात यायची. त्याआधी तो सणावारी प्यायचा, त्यानंतर रोज.

डॉक्टरांनी मला आत बोलावून समजावलं. दारूचं व्यसन आहे, त्याखाली उदासी आहे आणि त्या दिवसाचा मनाला बसलेला धक्का आहे. एकाचा इलाज केला की बाकीची आपोआप जातील असं समजू नका. दारू एकदम तोडली तर झटके येतात, म्हणून त्यांनी त्याला वॉर्डात ठेवून ती तोडली. घरी सोडताना उदासीवरच्या गोळ्या लिहून दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, तोंड कोरडं पडेल, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. दर महिन्याला यायचं, बोलायचं, त्या बाईबद्दलही बोलायचं.

दर महिन्याला नागपूर म्हणजे शाळेतून माझी रजा, आणि रजा मागताना कारण काय लिहायचं हा प्रश्न. नवरा म्हणाला, दादाले सांगू, तो नेईल.

दादा म्हणजे माझे मोठे दीर. आमच्याकडे भासरे म्हणतात. वडशाजवळच्या आमच्या मूळ गावी ते हेडमास्तर होते आणि दारूबंदी समितीचे अध्यक्षही. भासऱ्यांशी सुनेनं समोरासमोर बोलू नये अशी रीत. बौद्ध झाल्यावर घरानं कितीतरी रीती टाकल्या, ही तेवढी राहून गेली. तिचा त्रास फक्त सुनांना होता. तरी मी डोक्यावरचा पदर सावरून त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. बाई, वाघ, वॉर्ड, गोळ्या. हे घराबाहेर जाऊ नये, एवढंच मागितलं. त्यांनी जावेकडे बघत उत्तर दिलं, "तिले सांग, माह्या रक्ताचा भाऊ आहे तो."

आणि ते नेतही होते, हे सांगायलाच हवं. येताना केळी आणायचे. नवरा हळूहळू जेवायला लागला. एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, काय वाचून राह्यली? मी पुस्तक मिटून त्याच्याकडे बघतच राहिले. कितीतरी महिन्यांत त्यानं मला काही विचारलं नव्हतं.

हिवाळ्यात मूळ गावी शंकरपट भरला. बैलजोड्या पळतात, पाहुणे येतात, रात्री नाटक. त्या वर्षी दुपारी समितीचा कार्यक्रमही ठेवला होता, कारण जिल्ह्याहून कोणी मोठे साहेब येणार होते. साहेबांना दाखवायला समितीला एक सुधारलेला दारुडा हवा होता. गावातले सुधारलेले सगळ्यांच्या ओळखीचे होते, म्हणजे ते सुधारलेले नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब यायचे तेव्हा आले. हार झाले, शाली झाल्या, साहेबांचा परिचय साहेबांना झाला. माईक हातात आला की भासऱ्यांची भाषा थेट पुण्याला जायची. ते म्हणाले, "माझ्या सख्ख्या भावानं मद्याचा त्याग केला. परंतु नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यातून आणलेल्या नशेच्या गोळ्यांवर तो आजवर जगत होता. वाघानं मारलेली एक स्त्री त्याच्या स्वप्नात येते. आज पंचशीलाला स्मरून तो या शेवटच्या नशेचाही त्याग करणार आहे."

मी बायकांत बसले होते. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

नवरा मंचावर चढला, शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पुडी काढली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. म्हणजे सकाळीच ठरलं होतं. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. टाळ्या पडल्या. पुडीचं काय करायचं हे साहेबांना कळेना. त्यांनी ती सत्काराच्या नारळांशेजारी ठेवून दिली.

पाचवं शील मलाही पाठ आहे. माणूस ज्यानं गाफील होतो ते वर्ज्य, असं ते सांगतं. या गोळ्यांनी माझा माणूस भानावर येत होता. मी मंचामागे गेले आणि चारचौघांत म्हणाले, "भाऊजी, ते औषध आहे. आणि मी तुम्हाला ते सांगायला सांगितलं नव्हतं."

भासरे जावेकडे वळले. "तिले सांग, नशा ते नशा. अन् यात लाजाचं काय आहे, आता सारं गाव त्याच्या पाठीशी आहे."

जाऊ माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं मला ते जसंच्या तसं सांगितलं.

गाव पाठीशी होतं म्हणजे गाव मागून हसत होतं. वाघीण आली का रे स्वप्नात, असं पोरंसोरं विचारायची. चामोर्शीपर्यंत गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. नवरा बरेच दिवस प्यायला नाही. फक्त झोपणं थांबलं, मग जेवणं, मग बोलणं. मी परस्पर गोळ्या आणल्या. त्यानं हात लावला नाही. सगळ्यांसमोर सोडल्या, आता कसा घेऊ, म्हणाला. पुढे बीटावरून पिऊन आला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला धक्का बसला नाही.

उन्हाळा संपता संपता तो आपण होऊन म्हणाला, "चाल नागपूरले. पण दादाले नको सांगू. त्याले वाईट वाटंल."

दवाखाना तोच, डॉक्टर तेच. त्यांनी विचारलं, एवढा चांगला गुण येत होता, गोळ्या कोणी बंद केल्या?

मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "मीच केल्या, सायेब. चांगलं वाटून राह्यलं होतं."

डॉक्टर त्याच्यावर रागावले, दारू तोडायला पुन्हा वॉर्डात ठेवावं लागेल म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. घरच्यांनी लक्ष द्यायला नको?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता. द्यायला हवं होतं, असं मी म्हणाले, आणि वॉर्डातली खाट कुठली ते विचारलं.