डावीकडची सीट

आधीच सांगून टाकते — भूतखेत, करणी, बाहेरचं वगैरे प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी नगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डोळ्यांना दिसतं आणि रिपोर्टात येतं तेवढंच खरं मानायची सवय. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभव वाचून मी हसायचेसुद्धा. आता लिहायची वेळ माझ्यावर आली आहे... तुम्ही हसलात तरी चालेल.

आम्ही सावेडीत राहतो. माझे मिस्टर पाथर्डीच्या एका शाळेत शिक्षक. रोज बाईकवरून जाऊन-येऊन त्यांची कंबर कामातून गेली, म्हणून एक स्वस्तातली जुनी छोटी गाडी घ्यायचं ठरलं. मिस्टर भोळे. समोरचा 'एकदम कंडिशनमध्ये आहे' म्हणाला की यांची मान हलायला लागते. त्यामुळे गाडी तपासायचं काम मी अंगावर घेतलं.

संगमनेरजवळच्या एका काकांची गाडी होती. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, थोडी शेती, घरात एकटेच. 'आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका' असं फोनवरच बजावलं होतं, कारण गार इंजिन कसं सुरू होतं ते बघायचं असतं. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. फ्रिजवरचं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून चारी दारांवरून फिरवलं. पुट्टी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून पांढरट साय नाही ना ते पाहिलं, इंजिनात पाणी शिरलं की ती धरते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले — पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. मॅट उचलून वास घेतला. चासी नंबर आरसी बुकाशी जुळवला. तोवर मिस्टर काकांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत उभे.

शेवटी राहिली ड्रायव्हरच्या शेजारची, डावीकडची सीट. ती पार मागे होती. मी खटका ओढून पुढे घेतली, गदागदा हलवून पाहिली. खटका घट्ट बसत होता. इतका वेळ माझ्याकडे लक्ष नसलेले काका एकदम म्हणाले, "ती हुती तशी मागं करून ठेवा, ताई."

ठेवली. गाडी घेतली.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग एका रविवारी भाजी आणायला निघालो, मी शेजारी बसायला गेले तर गुडघे डॅशबोर्डला टेकले. मी चांगली उंच आहे, मला सीट शेवटपर्यंत मागे लागते.

"कोण बसलं होतं इथं?"

"कोणी नाही. सरकली असेल."

"अहो, खटका लागलेली सीट आपोआप सरकत नाही."

मी मागे केली. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पुढे. आता माझ्या डोक्यात एकच नाव — वैशाली मॅडम. मिस्टरांच्या शाळेत नव्याने लागलेल्या, राहायला सावेडीतच, आणि उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागतील. बुटक्या बाईला सीट पुढेच लागणार ना? त्यात मिस्टर हल्ली घरी गुणगुणत यायचे. बाईकवरून कधी गुणगुणत आले नव्हते. मी नुसती जळत होते. त्यांच्या शर्टाचा वास घ्यायचे, सीटवर लांब केस शोधायचे. सापडायचं काहीच नाही, त्याने आणखी भडका उडायचा.

एकदा हाफ डे टाकला आणि पाथर्डीची एसटी थांबते त्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. बसमधून वैशाली मॅडम उतरल्या. घामाघूम, दोन्ही हातांत पिशव्या.

"सरांबरोबर नाही आलात?" मी अगदी गोड आवाजात विचारलं.

"सर कुठे कोणाला गाडीत घेतात? मी एकदा विचारलं, तर म्हणे तुम्ही मागे बसा. मागे कशी बसू, ते काय ड्रायव्हर आहेत माझे?" हसल्या आणि गेल्या.

थोड्या वेळाने आमची गाडी समोरून गेली. मिस्टर एकटेच होते. पण ओठ हलत होते... मान डावीकडे वळवून बोलत होते. घरी आल्यावर मी दार उघडून पाहिलं. सीट पुढे होती.

"त्यांना मागे बसा का म्हणालात?" मी विचारलं.

"काय माहीत. तोंडातून निघून गेलं," ते म्हणाले, आणि ते खरंच गोंधळलेले दिसले.

पुढच्या सुट्टीला मी सकाळी सीट मागे केली, गाडी लॉक केली आणि दोन्ही किल्ल्या दिवसभर माझ्या पर्समध्ये ठेवल्या. संध्याकाळी जाऊन बघते तर सीट डॅशबोर्डाला भिडलेली. मेकॅनिकला दाखवली. त्याने खटका तपासला, चांगला आहे म्हणाला. मग मात्र मी सगळा राग काकांवर काढायचा ठरवला आणि फोन लावला.

"काका, सीट खराब आहे हे तुम्ही सांगायला हवं होतं."

काका म्हणाले, "डावीकडची? म्होरं येते?"

"हो. पार डॅशबोर्डापर्यंत."

"उद्या येतो मी."

खरंच आले, संगमनेरहून एसटीने. सीट सकाळपासून पुढेच होती. काका थेट ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "इथं करमतंय व्हय तुला?"

मी वाकून आत पाहिलं. सीट रिकामीच होती.

"आमची मंडळी," काका आम्हाला म्हणाले. "बुटकी हुती. मी गाडी लई जोरात हानायचो, मंग ती सीट म्होरं वढून डॅशबोर्ड धरून बसायची. ती गेल्यावर सीट मी मागं केली. म्हनलं, यायचं आसंल तर येईल, सीट म्होरं घेईल. वरीसभर रोज सकाळी बघत हुतो. येकदा बी न्हाई हालली. मंग इकून टाकली." मग मिस्टरांकडे बघून विचारलं, "तुमी काय करता गाडीत?"

मिस्टर ओशाळले. "काही नाही... बडबडतो एकटाच. शाळेत काय झालं, पोरांनी काय गंमत केली. घरी ही दमलेली असते, मग कोणाला सांगणार?"

"मी बोलायचो न्हाई," काका म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. महिनाभर आरशात तेच तर बघत होते. काका माझ्या नवऱ्यावर जळत होते. आणि मी? घरी ही दमलेली असते, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या सीटला ते कितीदा ऐकवून झालं असेल. गेलेल्या बाईचा हेवा वाटला मला, अगदी पोटातून.

काकांनी पैसे परत देऊ केले आणि गाडी मागितली. मिस्टर काही बोलायच्या आत मी दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या. इतकी सावकाश नेली त्यांनी गाडी की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. काकांचे ओठ हलत होते.

नंतर आम्ही दुसरी गाडी घेतली. सगळं पुन्हा तपासलं, डावीकडची सीट सगळ्यात आधी. मालकाची बायको हयात आहे ना, हेही विचारलं. मिस्टरांना कुठे तोंड लपवू असं झालं.

काकांचा अधूनमधून फोन येतो. "रोज बोलत आसतो मी, ताई. पर सीट मागंच हाय. तुमच्याकडं काय...?"

"नाही काका," मी सांगते. "आमच्याकडे काही नाही."

खोटं सांगते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मिस्टरांची शाळा सुरू झाली आणि त्याच आठवड्यात माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. दुसरी गाडी, दुसरा मालक, दुसरी सीट. काकांना कोणत्या तोंडाने सांगू? याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मॅग्नेट फिरवून कळण्यासारखं ते नाही, एवढंच मला कळलंय.

हल्ली मी सकाळी मिस्टरांच्या आधी खाली उतरते. सीट पार मागे ओढते आणि तिच्यावर बसून राहते. ते आले की म्हणते, नाक्यापर्यंत सोडा मला, आणि बोला काहीतरी. "काय बोलू?" म्हणतात, आणि रस्त्याकडे बघत गाडी चालवतात. नाक्यावर मी उतरते. गाडी पुढे जाते, आणि मागच्या काचेतून मला दिसतं — त्यांची मान डावीकडे वळलेली असते.