भिंतीतून चाललेलं बोट

शारजातल्या आमच्या शॉपिंग सेंटरचा वाढीव नकाशा मी पास केलाय. म्हणजे एसीच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याचा कोपरा दाबून उभा होतो. पास करणारे होते सावकाश साहेब.

हे नाव आम्हीच ठेवलेलं. सगळी दुबई-शारजा 'यल्ला यल्ला' करत पळायची, आणि हा पुण्याचा इंजिनिअर चष्मा पुसत म्हणायचा, "सावकाश." मी तिकडं गवंडी म्हणून गेलो. गावाकडं घरं बसकी, त्यामुळं शिडीच्या पाचव्या पायरीवर आपल्याला घेरी येते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. साहेबांनी नकाशे वाहायला ऑफिसात ठेवून घेतलं म्हणून टिकलो.

नकाशा तपासायची त्यांची तऱ्हा म्हणजे त्यावर बोट चालवायचं. "आता मी बाई. कडेवर पोर, हातात दोन पिशव्या." मग बोट हळूहळू चालायचं, दारात थांबायचं, पोर रडलं की सावली शोधायचं. "आता मी पिकअप." रिव्हर्स घेताना तोंडानं आवाजसुद्धा. सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण समजत काहीच नव्हतं.

त्या दिवशी सेंटरच्या मालकाचा मॅनेजर सहीसाठी येऊन बसला होता. जुन्या सेंटरच्या मागं नव्या दुकानांची रांग वाढवायची होती. "साब, साइन करो, खलास!"

"सावकाश," म्हणत साहेब माझ्याकडं वळले. "आता तू चाल."

"कोण होऊ, साहेब?"

"तूच हो. शुक्रवारी सुट्टीला मजुरांच्या कॅम्पातून सामानाला येतोस ना? ये."

कॅम्प कुठं ते त्यांनीच दाखवलं. मी तिथं बोट टेकवलं आणि सरळ दुकानाच्या दारात नेलं. मॅनेजर पोट धरून हसला. "अरे, ये तो दीवार में से गया!" मधली जाड रेघ म्हणजे नव्या दुकानांची भिंत, हे मला काय ठाऊक! घामच फुटला.

साहेब हसले नाहीत. "परत चाल."

परत भिंतीतूनच गेलो.

"सगळे इथनंच येता?"

"सगळा कॅम्प, साहेब. वाळूत पायवाट पडलीय."

"आणि भिंत झाल्यावर?"

"हायवेच्या कडेनं," म्हणलं. आमच्या खोलीतल्या रघूचा पाय त्याच कडेला गाडीखाली गेला होता.

साहेबांनी लाल पेन्सिल काढली.

तीन आठवडे त्यांनी सही दिली नाही. वरच्यांनी बोलावून घेतलं, मालक स्वतः येऊन गेला. साहेबांचं एकच, "दोन दुकानं कमी करा, मधून वाट सोडा." शेवटी सोडली. पुढच्या वर्षी साहेबांचा व्हिसा रिन्यू झाला नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला माहीत होतं.

अल नहदा भागातल्या फ्लॅटमधून त्यांची खोकी मीच खाली उतरवली. त्यांची मुलगी "बाय अंकल" म्हणाली. साहेब म्हणाले, "पत्र पाठव."

मला लिहिता कुठं येतंय! खोलीतला एक जण लिहून द्यायचा. आता 'तुमची आठवण येते' हे दुसऱ्या गड्याला कसं सांगायचं? म्हणून सांगायचो, "लिही, इकडं ऊन फार आहे." साहेबांचं उत्तर यायचं, "पाणी पीत जा." सहा वर्षं आम्ही ऊन आणि पाणी एवढंच बोललो. मग उत्तर यायचं थांबलं. मी मात्र ऊन पाठवत राहिलो.

शुक्रवारी सामान घेतलं की त्या वाटेत मी जरा वेळ उभा राहायचो. दोन्ही बाजूंना भिंती, मधे सावली. एकदा साताऱ्याकडचा एक नवा गडी खांद्यावर पिठाची गोणी घेऊन आला. राहवलं नाही, विचारलं, "ही वाट कुणामुळं झाली, ठाऊक आहे का?"

"कुणामुळं का होईना. तुम्ही मधनं बाजूला व्हा काका, गोणी जड आहे."