सासूबाईंना तुरुंग बघायचा होता

गेल्या रविवारी सासूबाईंना तुरुंगात नेऊन आणलं. घाबरू नका... शहरातल्या जुन्या तुरुंगाचा काही भाग आता तिकीट काढून बघता येतो. पुण्यात राहून आम्ही न बघितलेल्या बऱ्याच गोष्टींपैकी ही एक.

त्यांना मात्र हौस म्हणून जायचं नव्हतं. आणीबाणीत सासरे इथेच होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भेटीला या जायच्या त्या दाराजवळच्या खोलीपर्यंतच.

सासरे सांगायचे, आत मजेत आहे, जागा हवेशीर आहे, झोप छान लागते. पुढेही जन्मभर प्रत्येक लग्नकार्यात त्यांनी तुरुंगाच्या गमतीच सांगितल्या. आता ते नाहीत... ते खरं सांगत होते का, एवढंच सासूबाईंना बघायचं होतं.

आत बऱ्यापैकी गर्दी. गजांमागे उभं राहून सेल्फी चालले होते. एका कुटुंबाने तर आजोबांनाच कोठडीत घालून फोटो काढला, आजोबाही खूश.

बराक म्हणजे एक लांबलचक खोली. झरोके पार वर, हवा अशी नाहीच. सासूबाईंनी गाइडना विचारलं, "पावसाळ्यात गळायचं का हो?"

"गळायचं ना आजी. लोक रात्र बसून काढायचे म्हणतात."

"म्हणजे मला थापा मारल्या," असं म्हणून त्या सरळ तिथल्या ओट्यावर बसल्या. मला वाटलं, आता रडणार... मी पाण्याची बाटली पुढे केली.

रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तरी काय वेगळं केलं?"

मग कळलं ते असं. तेव्हा सदाशिव पेठेत आमच्या जिन्यातलं कुणी भीतीने त्यांच्याशी बोलत नव्हतं. या दिसल्या की लोक दार लावून घ्यायचे. आणि भेटीत या सांगायच्या, सगळे तुमची चौकशी करतात, काही कमी पडू देत नाहीत!

सासरे सुटून आले आणि पेढे घेऊन घरोघरी आभार मानायला निघाले. डबा धरून मागे सासूबाई. शेजाऱ्यांनी खाली मान घालून पेढे घेतले... सासऱ्यांना तो त्यांचा मोठेपणा वाटला. त्या शेजाऱ्यांचे गोडवे तर मीही सून म्हणून आल्यापासून ऐकलेत.

परतताना रिक्षात मी विचारलं, "आई, पण खरं का नाही सांगितलंत?"

त्या बाहेरच बघत होत्या. "मध्ये जाळी असायची गं. समोरचा रडायला लागला तर हातसुद्धा धरता येत नाही. मग कशाला सांगायचं?"

आमच्या घरात एकमेकींचे हात वगैरे धरायची पद्धत नाही. मी त्यांचा धरला. घर येईपर्यंत त्यांनी तो सोडवून घेतला नाही... मला फार बरं वाटलं.