गोळीचा अंमल जाईपर्यंत

गेल्या रविवारी शिरूरहून दौंडला जाताना वडापच्या जीपमध्ये माझा कुत्रा एका अनोळखी बाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. तो ठणठणीत होता. प्रवासात ओकू नये म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी त्याला गुंगी आणणारी गोळी दिली होती. एरवी तो माझ्याखेरीज कुणाला हात लावू देत नाही. बांगड्यांची पेटी पायाशी ठेवून ती त्याचे कान चोळत होती, पदरानं माश्या वारत होती. मी पट्टा दोनदा ओढला. तो हलला नाही.

"जळू नका, दादा," ती हसली. "गुंगीत हाय त्यो. जागा झाला की तुमचाच."

दौंडला त्यानं डोळे उघडले, अंग झटकलं, मला हुंगलं. ती पेटी घेऊन निघाली. तो तिच्यामागे गेला. पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.