नमुन्याच्या घरातलं दूध

आज सकाळी आई गेली, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

दुधाचं काय सांगत बसलेय, असं वाटेल तुम्हाला. थांबा, सांगते. आज मला कुणी घाई करू नका.

पन्नासच्या दशकातली पिंपरी. कारखाने उभे राहत होते, माणसं रोज येत होती, आणि राहायला जागा कुठाय? वडील एका कारखान्यात बदली कामगार. आम्ही गावातल्या पारूकाकूंच्या गोठ्यात भाड्यानं. मधे तरटाचा पडदा, पलीकडे म्हशी.

कामगारांनी स्वस्त घरांसाठी सोसायटी काढली. पैसा उभा करायला आधी एकच घर बांधलं, नमुन्याचं. तिकीट काढून आत यायचं, घर बघायचं, जमेल तेवढी मदत द्यायची. आता बिल्डर सँपल फ्लॅट दाखवतात ना, तसंच.

रिकामं घर कोण बघणार? म्हणून संसार मांडून दाखवायला आईला बसवलं. भांडी आमचीच. कोपऱ्यात पाटी घेऊन मी.

पुण्याहून मोटारीनं आलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही इथेच राहता?"

आई म्हणाली, "हो."

संध्याकाळी गोठ्यात वडील चिडले. "खोटं कशाला बोललीस गं?"

"खोटं कुठंय? अजून खरं व्हायचंय, एवढंच."

घर दाखवायच्या शेवटच्या दिवशी तिनं तिथली कोरी चूल पेटवली आणि सगळ्यांदेखत दूध उतू घालवलं. नव्या घरात राहायला जाताना घालवतात, तसं. दाखवायचं म्हणून नाही हो, मनापासून. हात जोडले होते तिनं.

पारूकाकू दारातनं ओरडल्या, "आता घर तुजंच गं बया! आता कोन काडतंय तुला हितनं!"

काढलं ना.

पैसे जमले, आणखी घरं उभी राहिली. पण वाटप होईतो वडिलांचं काम सुटलं, आणि कामावर नसलेल्याला घर नाही, असा नियम. सेक्रेटरी गोठ्यात येऊन मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, माझ्या हातात काही नाही."

आईनं त्यांना चहा दिला. त्या चहाचा मला आजही राग येतो.

नमुन्याचं घर दुसऱ्यांना मिळालं. त्यांनी आईला पूजेला बोलावलं, आणि ही गेलीसुद्धा! परत आली ती म्हशींकडे तोंड करून बसून राहिली.

खूप वर्षांनी मी थेरगावात हा फ्लॅट घेतला. पहिल्या दिवशी दूध ठेवलं. काठाशी आलं, आणि आईनं पातेलं खाली उतरवलं.

"आई, अगं!"

"राहू दे. माझं एकदा घालवून झालंय."

मग इथं राहिली ती पाहुण्यासारखी. कुणी विचारलं की म्हणायची, "लेकीकडे असते." जीव तुटायचा माझा. दूध तापत असलं की गॅसपाशी उभी. एकदाही उतू जाऊ दिलं नाही तिनं.

आज तिचा हात माझ्या हातात होता. करपल्याचा वास आला. मी उठले नाही.

शेगडी अजून पुसलेली नाही. पुसवत नाही.

आई, या घरात दूध उतू गेलं गं शेवटी.

उद्या कुणी विचारलं तर सांगेन, घर आईचं आहे. मी तिच्याकडे असते.

सुखानं जा. नमस्कार करते.