जाणार कोण, ते सांगा

"बरं. जाणार कोण?" चष्मा कपाळावर सरकवून बाई एवढंच विचारायच्या. आजाऱ्याला भेटायचं असो, की मिटिंगमध्ये टाळ्यांच्या गजरात झालेला ठराव असो. प्रश्न ऐकला की आम्हा पुरुषांना एकदम चपला शोधाव्याशा वाटत.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात बाई तपासणीला, मी स्टोअरला. त्यांच्या टेबलावरून खराब पार्ट कधी पुढे गेला नाही. रविवारी आम्ही एकाच ल्यूथरन चर्चमध्ये. तिथेही त्यांची तपासणी सुटत नसे.

निवृत्त झाल्यावर त्या दर शनिवारी एसटीने पेठच्या बाजूला एका पाड्यावर जाऊ लागल्या. तिथे आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्याच चर्चची, तीन-चार कुटुंबं. भात-नागलीची शेती, आणि हंगाम सरला की पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला. बाई त्यांच्या ओट्यावर बसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवत आणि पुढच्या खेपेला त्यांच्याकडून वाचून घेत. आम्ही शहरात बसून कौतुक करायचो. कौतुकाला एसटी लागत नाही.

अशात आमच्या चर्चला एक पत्र आलं. काही ल्यूथरन मंडळ्यांनी मिळून नेटवर्क उभं केलं होतं. सुवार्तेच्या कामात, म्हणजे येशूचा संदेश पोहोचवण्यात, आणि त्याचे शिष्य घडवण्यात एकमेकांना हात द्यायचा. सक्ती नाही, कोणाचा हुकूम नाही, ज्यांना वाटेल त्यांनी यावं. मी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचा सेक्रेटरी, म्हणून फॉर्म माझ्याकडे. 'शिष्य घडवण्यासाठी तुमची मंडळी काय करते?' या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं : ईस्टरचं नाटक, हंगामाचा सण, महिला मंडळाची सहल.

बाईंनी कागद वाचला आणि नाकारलेल्या पार्टवर मारत तशी तांबडी फुली मारली.

"सेक्रेटरीसाहेब, हे गॅदरिंग झालं. शिष्य कुठंयत?"

"नाटकात बारा होते, बाई."

त्या हसल्या. फुली तशीच राहिली. मग हळूच म्हणाल्या, "माझे गुडघे संपलेत हो. डॉक्टरांनी एसटीची पायरी बंद केलीय. माझ्यामागे पाड्यावर कोणी गेलं नाही, तर ती माणसं एकटी पडतील. फॉर्म भरा, पण खरा भरा."

रविवारी उपासनेनंतर सभा बसली. कमिटीतले एक काका उठले. "आज नेटवर्क, उद्या आपल्या दारावर त्यांची पाटी!"

"काका, जोडून घ्यायचंय, विकून टाकायचं नाहीये," आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले.

शेवटी सामील व्हायच्या बाजूने सगळ्यांचे हात वर झाले. माझा खांदा तेव्हा आखडलेला. उजवा हात मी डाव्याने ढकलून कसाबसा वर नेला. तेवढ्यात बाई काठी टेकत उठल्या.

"बरं. जाणार कोण? जे जाणार नाहीत त्यांनी हात खाली घ्या."

भराभर हात खाली. माझा मात्र वर जायला जेवढा वेळ लागला, तेवढाच उतरायला लागणार होता.

"हं, भेटला," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, यांना भाजीला पाठवलं तर कोथिंबीर विसरून येतात!" आमच्या सौ. म्हणाल्या.

"तिथून कोथिंबीर नाही आणायची."

खरं कारण सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण बाईंचा चेहरा असा काही उजळला होता, की मिटून घेतलं.

पहिले चार शनिवार भाच्याच्या गाडीतून त्या माझ्याबरोबर आल्या. मी घसा खाकरून वाचायला लागलो की माझ्या हातातून पुस्तक काढून, ज्यांच्या ओट्यावर बसायचो त्या घरच्या मालकिणीच्या हातात देत. "तुम्हाला येतं हे त्यांना कळलंय. आता त्यांना येऊ द्या."

फॉर्मच्या त्या रकान्यात शेवटी बाईंनी स्वतःच लिहिलं : 'दर शनिवारी एक जण पाड्यावर जातो. अजून शिकतो आहे.' इतकी वर्षं नोकरी केली, पण असा शेरा मला कोणी दिला नव्हता. घरी मी तो तीनदा वाचून दाखवला.

यंदा बाई गेल्या. मातीला पाड्यावरची सगळी माणसं आली होती. पुढच्या शनिवारी मी जड पायांनी एसटीत चढलो. त्यांना धीर कसा द्यायचा, याची वाटभर जुळवाजुळव करत होतो.

पोहोचलो तर आमच्या नेहमीच्या घराच्या दाराला कडी. ओट्यावर शेजारची म्हातारी नागली पाखडत होती.

"दोघं नवरा-बायको पलीकडच्या पाड्यावर गेलीत, भाऊ. तिथल्यांना वाचाया शिकवत्यात. येतील सांजच्याला."

"मला कळवलं नाही?"

"तुम्हाला कशाला? त्यांला येतंय की आता."

म्हातारीने दिलेलं पाणी प्यायलो. बंद दार बघून छाती फुगलेला माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल. समोरच्या टेकडीवर पायवाट वळणं घेत चढत होती. ती दोघं केव्हाच पलीकडे उतरली होती.